वीस, पंधरा, दहा

मंगळवार, २६ नोव्हेंबर २००२

दिवाळीच्या सुट्टीनंतर काल शाळा उघडली आणि आज माझी दहावी गेली.

फलकावर नवं वेळापत्रक लागलं होतं. दहावी 'अ', गणित: काकासाहेब सर. माझ्या नावापुढे नववीच्या दोन तुकड्या. तीर्थपुरीच्या या शाळेत अकरा वर्षं मी दहावीला गणित शिकवते आहे. मागच्या मार्चला वर्गाचा निकाल ब्याऐंशी टक्के होता. काकासाहेबांना अजून स्पर्शिकेचं प्रमेय पुस्तकात बोट ठेवून फळ्यावर लिहावं लागतं.

मुख्याध्यापक अण्णासाहेबांच्या खोलीत गेले. ते पेपर वाचत होते, तो खाली न ठेवताच म्हणाले, "बसा बाई. रागावू नका. तुमच्या तब्येतीचं कळलं आम्हाला. त्या डोक्याच्या गोळ्यांचं. दहावी म्हणजे ताप. तुम्हाला टेन्शन नको, एवढंच."

"कोणी सांगितलं?"

"काळजी असणाऱ्यानंच सांगितलं. नाव कशाला पाह्यजे?"

बाहेर आले तर स्टाफरूममध्ये सगळ्यांनी एकदम वह्या तपासायला घेतल्या. मग कोणीतरी "चहा घेता का बाई?" असं विचारलं, दवाखान्यात पेशंटला विचारतात त्या आवाजात.

१९९९ च्या उन्हाळ्यात मी दीड महिना अंथरुणातून उठले नव्हते. कोणी गेलं नव्हतं, काही बुडालं नव्हतं. कारण नव्हतं, आणि हेच लोकांना पटत नव्हतं. जालन्याच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली. वीस मिलिग्रॅम, रोज सकाळी एक. तीन महिन्यांत मी उभी राहिले आणि वर्गावर गेले. तेव्हापासून साडेतीन वर्षं रोज एक. हे माहीत असणारी माणसं मोजकी: मी, माझे यजमान, सासूबाई, आणि गोळ्या देणारा मेडिकलवाला बद्रीनाथ. म्हणजे बद्रीनाथच. गल्ल्यावर बसून अख्ख्या गावाची दुखणी ठाऊक असलेला माणूस, तोंड कुठवर बंद ठेवणार?

यजमानांना या वहीत नावाने लिहिणार आहे. तोंडाने आयुष्यभर 'अहो' म्हणायचंच आहे. भालचंद्र घनसावंगीला पंचायत समितीत क्लार्क आहेत. संध्याकाळी आले, तेव्हा मी एवढंच म्हणाले, "शाळेत वेळापत्रक बदललं माझं." बूट काढता काढता म्हणाले, "असू दे. नववीची लेकरं पण आपलीच हाएत की." आणि हातपाय धुवायला गेले. त्यांना राग का येत नाही कशाचा?

गोळी घेणारी बाई दहावी शिकवू शकत नाही, असं आहे ना? मग ही बाई उद्यापासून गोळी घेणार नाही.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

दोन दिवस झाले. काही म्हणता काही झालं नाही. उगाच साडेतीन वर्षं गिळत बसले. पाकीट ज्वारीच्या कोठीमागे टाकून दिलं. भालचंद्रांना सांगितलेलं नाही.

शनिवार, ३० नोव्हेंबर

थंडी बाधली बहुतेक. अंगाला घाम, पोटात मळमळ. आणि एक विचित्र प्रकार: नजर डावीकडून उजवीकडे वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं होतं. टीव्हीचा अँटेना हलल्यावर चित्राला झटका बसतो, तसा. फळ्याकडून वर्गाकडे वळले की झटका, वर्गाकडून फळ्याकडे वळले की झटका. तासाला चाळीस तरी झाले असतील.

बुधवार, ४ डिसेंबर

या घरात शांतता म्हणून नाही. सासूबाई चूळ भरतात तर वाड्या-वस्तीवर ऐकू जावी अशी. कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि माझ्या हातातला चहाचा पेला मी भिंतीवर मारला. सासूबाई म्हणाल्या, "काय झालं गं?" काय झालं गं! वीस वर्षं सकाळी पाचला उठून दोन्ही वेळचा स्वयंपाक करून शाळेत जाते, तेव्हा कधी नाही विचारलं काय झालं गं.

भालचंद्रांनी भिंत पुसली. त्याचाही राग आला.

शुक्रवार, ६ डिसेंबर

उमाने वैताग आणलाय. चौदा वर्षांची मुलगी, हिला मैत्रिणी नाहीत का? मी मागच्या अंगणात गेले की ही मागे. न्हाणीघरात गेले की ही बाहेर पायरीवर वही घेऊन. आज मोसंबीच्या बागेकडे जरा मोकळी हवा घ्यायला निघाले तर चप्पल न घालताच पळत आली. "कुठं चालली आई?" मी ओरडले, "तुला विचारून जाऊ का?" तरी मागून आलीच. बांधाच्या पुढे गेले तर हात धरला. झटकून टाकला मी.

झोप नाही. डोळा लागला की भयंकर स्वप्नं, आणि जाग येते तेव्हा गाल ओले असतात. दिवसा मात्र रडू येत नाही. दिवसा सगळ्यांची डोकी फोडावीशी वाटतात.

मंगळवार, १० डिसेंबर

आजचं लिहावंसं वाटत नाही. लिहिते.

उमा माझ्याच वर्गात आहे आता, नववी 'ब'. वर्गसमीकरणाचं उदाहरण घातलं होतं. तिने चिन्ह चुकवलं. नेहमीची चूक, निम्मा वर्ग करतो. मी तिची वही उचलली आणि आडवी फाडली. मग उभी फाडली. "एवढं साधं येत नसेल तर घरी बसून भाकरी थाप," असं बोलले, सगळ्या वर्गासमोर. पंचेचाळीस मुलं खाली बघत होती. उमा उभी होती. रडली नाही. तुकडे गोळा करून दप्तरात भरले तिने.

माझी आई मला कधी असं बोललेली नाही. मला कोणी असं बोललेलं नाही.

तरी लिहिताना वाटतं आहे की चिन्ह तिने चुकवायला नको होतं. हा कसला विचार आहे?

शनिवार, १४ डिसेंबर

स्टाफ मीटिंग. अण्णासाहेब दहावीच्या जादा तासांबद्दल बोलत होते. काकासाहेब म्हणाले, "भूमितीला जरा बाईंची मदत घेऊ." मदत! माझी दहावी घ्यायची आणि वर माझीच मदत घ्यायची. मी उठले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. "चोर" म्हणाले हे आठवतं. खुर्ची पडली तेही आठवतं. अण्णासाहेबांनी माझ्याकडे नाही, बाकीच्यांकडे बघितलं. एकेकाकडे. पाह्यलं ना, सांगत होतो ना, अशा नजरेने.

म्हणजे त्यांचं म्हणणं मीच खरं करून दिलं.

घरी आले तर भालचंद्रांना कळलेलं होतं. विचारलं, "गोळी घेतलीस का?"

काही म्हणा, प्रश्न एकच. मीठ जास्त झालं म्हटलं तरी, दहावी गेली म्हटलं तरी. "घेतली," म्हणाले मी. खोटं.

सोमवार, १६ डिसेंबर

बद्रीनाथच्या दुकानात गेले, भांडायलाच. गिऱ्हाईक होतं, तरी थांबले नाही. "माझ्या गोळ्यांचं गावभर कोणी केलं?" असं विचारलं.

त्याने गिऱ्हाइकाला आधी वाटेला लावलं. मग काउंटरची फळी वर करून म्हणाला, "बाई, आत या, बसा." मी बसले नाही.

"तेवीस वर्षं झाली दुकानाला," तो म्हणाला. "कोनाला काय आजार हाय ते मी माझ्या बायकोला पन सांगत न्हाई. तुमच्या पोरीची शप्पथ घेऊ का?"

"तिचं नाव घेऊ नका."

"बराबर. न्हाई घेत. पन एक इचारतो. दर महिन्याच्या एक तारखेला तुम्ही येता. आज सोळा झाली. तुम्ही गोळी बंद केली?"

मी मान हलवली.

"एकदम? तीन-साडेतीन साल घेऊन एकदम? बाई, ती गोळी अशी सोडत नस्तेत. जालन्याच्या दुकानात होतो तेव्हा एक मास्तर अशीच सोडून बसल्ते. डोक्यात करंट मारतो म्हणायचे. बायकोवर ताट फेकलं त्यांनी."

'करंट' हा शब्द मी कोणालाच सांगितलेला नव्हता. मी बसले.

"मी डाक्टर न्हाई," बद्रीनाथ म्हणाला. "माझ्या सांगण्यावरून काही करू नका. पन जल्दी जाऊन या जालन्याला. आन् तारखा घेऊन जा, कवा सोडली, कवापासून काय व्हायलं. डाक्टर लोकांला टाइम नस्तो."

पाणी दिलं त्याने. मी माफी मागितली नाही. जमलं नाही.

गुरुवार, १९ डिसेंबर

जालन्याला एकटी गेले. अडीच तास बसवलं, मग डॉक्टरांनी तिसऱ्या वाक्याला निदान केलं: "आजार उलटलाय. वीसची चाळीस करू."

त्यांच्या हातातलं पेन मी धरलं. खरोखर धरलं. म्हणाले, "डॉक्टर, थांबा." ही वही काढली आणि तारखा वाचल्या. सत्तावीसला पहिली गोळी चुकवली, तीसला झटके सुरू झाले, चारला पेला फोडला. "९९ साली मला राग आला नव्हता. मला काहीच आलं नव्हतं, भूकसुद्धा नाही. हा आजार तो नाही. आणि आजार बरोबर चौथ्या दिवशी येत नाही, वेळापत्रक लावल्यासारखा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग दार ढकलून कंपाउंडरला म्हणाले, "पुढचा पेशंट पाच मिनिटं थांबव." आणि पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढली.

म्हणाले, "गोळी अचानक थांबवल्याचा त्रास दिसतो हा. मी तुम्हाला सांगायला हवं होतं, मनाने बंद करू नका म्हणून. सांगितलं होतं का?"

"नाही."

"बरं." त्यांचे कान लाल झाले. पुन्हा वीस सुरू. स्थिर झाल्यावर, शाळेचा ताण बघून, हळूहळू कमी करायची. आधी पंधरा. प्रत्येक पायरीला दीड-दोन महिने.

परत येताना अंबडच्या स्टँडवर उभी होते, तेव्हा लक्षात आलं. तीन आठवडे ज्याला मी माझा राग समजत होते, त्यातला किती माझा होता? वहीचे तुकडे नक्की कोणी केले?

मंगळवार, २४ डिसेंबर

काल दिवसभरात चारच झटके. आज एकही नाही. सासूबाईंनी चूळ भरली, मला ऐकूसुद्धा आली नाही.

उमासाठी नवी वही आणली. फाटलेलं सगळं मी माझ्या हाताने उतरवून काढलं, तिची चुकलेली चिन्हंही तशीच ठेवली, शेजारी पेन्सिलने खूण केली. तिने वही घेतली. "थँक यू बाई" म्हणाली. 'आई' नाही. वर्गातलं 'बाई'.

रविवार, ५ जानेवारी २००३

आज वही पहिल्यापासून वाचली. वाचताना स्वतःची लाज वाटली बऱ्याच ठिकाणी. पण २६ नोव्हेंबरच्या पानावर थांबले. तीनदा वाचलं.

मी म्हणाले होते, वेळापत्रक बदललं. एवढंच म्हणाले होते. नववी मिळाली हे मी सांगितलंच नव्हतं.

भालचंद्र ओसरीवर दाढी करत होते. मी आरशाच्या मागे जाऊन उभी राहिले.

"अण्णासाहेबांकडे तुम्ही गेला होता?"

ब्लेड थांबलं. "गोळी घेतलीस का आज?"

"सकाळी साडेसातला. वीसची. पाण्यासोबत. आता उत्तर द्या."

"दिवाळीत गेल्तो," ते म्हणाले. "घरी गेल्तो त्यांच्या. म्हणलं, हिला दहावीचा लोड जरा कमी करा. मार्चमधी तू लई थकून राह्यली होती. भल्यासाठी गेलो मी."

"माझ्या भल्यासाठी माझी दहावी घेतली. माझ्या भल्यासाठी सगळ्या स्टाफला सांगितलं."

"स्टाफला न्हाई सांगितलं. त्यांनाच फक्त."

मी ओरडले नाही. हात थरथरले नाहीत, डोक्यात करंट नव्हता. अगदी थंड डोक्याने मी म्हणाले की इतकी वर्षं तुमच्या ऑफिसमधलं तुमचं काहीही मी कोणाच्या घरी जाऊन सांगितलेलं नाही, आणि यापुढे तुम्ही मला गोळीचा प्रश्न विचारायचा नाही. कधीच नाही.

अर्ध्या दाढीने उठून गेले.

हा राग मात्र माझा आहे. सगळाच्या सगळा. आणि मेला, तो उतरतही नाही.

बुधवार, ८ जानेवारी

अण्णासाहेबांना अर्ज दिला: माझी दहावी तब्येतीच्या कारणावरून काढली असं लेखी द्यावं. वाचून म्हणाले, "बाई, लेखी कशाला? आपण घरचेच लोक." मी म्हणाले, "घरच्यांचंच नडलंय. लेखी द्या." दोन दिवसांनी बघू म्हणाले. स्टाफ मीटिंगमध्ये काकासाहेबांना चोर म्हणाले होते त्याबद्दल मात्र सगळ्यांसमोर माफी मागितली. ते भले गृहस्थ आहेत. स्पर्शिकेचं प्रमेय न येणं हा गुन्हा नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

आजपासून पंधरा. दहाची एक आणि दहाचीच अर्धी. लेखी अजून मिळालेलं नाही. दर सोमवारी आठवण करून देते. घरात आमचं बोलणं कामापुरतं: गॅस संपला, लाइट गेली, उमाची फी.

गुरुवार, २० फेब्रुवारी

चार-पाच दिवस जरा चिडचिड झाली, थोडे झटके. ठरवलं होतं तसं वर्गात हात पाठीमागे बांधून शिकवलं. मुलांना वाटलं, बाई नवीन स्टाइल करून राह्यल्या. आज ठीक.

रविवार, ६ एप्रिल

दहा. यंदा पाण्याची बोंब आहे, टँकरच्या रांगेत उभं राहायचं आणि त्यात गोळीची पायरी उतरायची. तरी जमतंय. उमा परवा स्वतःहून उदाहरण घेऊन आली. 'आई' म्हणाली.

शुक्रवार, १६ मे

पाचवर येऊन बारा दिवस झाले. डॉक्टरांनी दोन महिने दहावर राहा सांगितलं होतं. मी महिन्यातच उतरले. शाळेला सुट्टी आहे, जूनच्या आत संपवून टाकू म्हटलं.

झटके आहेत, पण त्यांचं काही नाही, ते ओळखीचे झालेत. दुसरंच काही आहे. परवापासून सकाळी उठावंसं वाटत नाही. राग येत नाही कशाचा. आज टँकर आला आणि मी उठले नाही. लोकांनी भांडी भरली, टँकर गेला.

उमा माझ्या खाटेच्या पायथ्याशी बसून आहे सकाळपासून.

सोमवार, १९ मे

भालचंद्र म्हणाले, "जालन्याला चल. मी बाहेर बसतो, आत न्हाई येत." गेलो.

डॉक्टर म्हणाले, "हा गोळी सुटल्याचा त्रास का मूळ आजार, मला छातीठोक सांगता येत नाही. दहावर बऱ्या होतात ना? मग दहावर या. वर्षभर थांबू. नंतर बघू, घाई नाही."

"म्हणजे हरले मी."

"कोणाविरुद्ध?" त्यांनी विचारलं. थट्टा करत नव्हते.

स्टँडवर गाडीला वेळ होता. उन्हाने पत्रा तापला होता. भालचंद्रांनी उसाचा रस आणला, दोन ग्लास. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"तुला ९९ चं काय याद हाय?"

"झोपून होते. दीड महिना."

"झोपून नव्हतीस सगळे दिवस. दुपारी सगळे निजले की तू उठून मळ्यात जायची. विहिरीवर बसायची काठाला, पाय आत सोडून. तेव्हा पाणी होतं तिला." रसाचा घोट घेतला. "पहिल्यांदा उमाला दिसलीस तू. अकरा वर्षांची होती. ओरडली न्हाई, काही न्हाई. जाऊन हात धरला आन् 'आई, भूक लागली' म्हणली. घरी आणली तुला. मंग रोज जायची ती तुझ्यामागं. मी रजा टाकून दारात बसायचो."

मला यातलं काही आठवत नाही. विहीर नाही, काठ नाही, उमाचा हात नाही. डिसेंबरात बांधावर झटकला तो हात आठवतो.

"भ्यालो मी," ते म्हणाले. "मार्चमधी पेपर तपासताना तू दोन दिवस जेवली न्हाईस. मला वाटलं पुन्हा सुरू झालं. म्हणून गेल्तो अण्णासाहेबांकडं."

"मला विचारायचं होतं तुम्ही."

"इचारलं असतं तर तू न्हाई म्हणली असती."

"मग उत्तर 'नाही'च होतं."

ग्लासातला उरलेला रस त्यांनी एका घोटात संपवला. म्हणाले, "हं. बराबर हाय." गाडी लागली तेव्हा त्यांनी खिडकीची जागा धरली, माझ्यासाठी. मी बसले.

माफ केलेलं नाही. पण एवढा भ्यालेला माणूस माझ्याशेजारी चार वर्षं झोपत होता आणि मला पत्ता नव्हता, हे खरं आहे.

गुरुवार, ५ जून

दहावर दोन आठवडे. उठते, पाणी भरते, जेवते. उमाला काल विहिरीचं विचारलं. "तुला कोणी सांगितलं?" म्हणाली, आणि मग एकदम रडायला लागली, चार वर्षांचं साठलेलं रडली. मी हात धरून बसले. नंतर म्हणाली, "आई, मी आता मागं मागं नको यायला ना?" मी म्हणाले, "नको. मला बरं वाटेनासं झालं तर मी सांगेन. तोंडाने सांगेन, तुला आणि तुझ्या पप्पांना." हे वचन देताना भीती वाटली. गणितात असं उत्तर आधी लिहून देत नाहीत.

सोमवार, १६ जून

शाळा उघडली. फलकावर माझ्या नावापुढे दहावी 'ब'. लेखी शेवटपर्यंत मिळालं नाही. वेळापत्रक मिळालं.

अण्णासाहेब म्हणाले, "बाई, जमेल ना? आणि तुमचे मिस्टर आल्ते बरं का घरी परवा. म्हणले, माझी चूक झाली, तिची दहावी तिला द्या. भला माणूस!"

पुन्हा गेले. पुन्हा मला न विचारता.

वर्गावर गेले. छपन्न मुलं, उमा तिसऱ्या बाकावर. पहिल्याच दिवशी चौघांनी पाढे चुकवले, नववीला त्यांना पास कोणी केलं म्हणून बघितलं तर मीच केलं होतं. घरी आले तर टँकर येऊन गेलेला, आणि सासूबाईंनी भरलेल्या दोन घागरींतलं पाणी भालचंद्रांनी स्कूटर धुवायला वापरलेलं.

सकाळी साडेसातला दहाची घेतली होती.

आज तीनदा राग आला. तिन्ही वेळा कारण होतं.